चालीला नाव कसं पडतं

प्रश्न निपाणीच्या एका मुलाचा आहे, तो आधी थोडक्यात सांगतो. निपाणी, चिक्कोडी आणि बेळगावची मिळून ३५-४० पोरं-पोरी जमल्यात. नुकत्याच आलेल्या एका फायटिंग गेमचे सामने ते दर रविवारी लावतात. निम्म्यांच्या घरी मराठी, बाकीच्यांत बहुतेक कन्नड, पाच-सहा जणांच्या घरी उर्दू. खेळता खेळता त्यांना तीन चाली सापडल्या आहेत, ज्या गेमच्या ट्यूटोरियलमध्ये कुठेच नाहीत. पहिली : मागे उडी घ्यायची, ती पुरी व्हायच्या आत बसून तोडायची आणि लगेच परत मागे, म्हणजे गडी पाठीमागे वाहत गेल्यासारखा सरकतो. दुसरी : हवेतून लाथ मारायला आल्यासारखं दाखवायचं, पण न मारताच खाली उतरून समोरच्याला धरून आपटायचं. तिसरी : आडवा झालेला गडी उठत असताना नेमक्या क्षणाला त्याच्या अंगावर मार ठेवायचा. "अण्णा, यांना नावं काय द्यायची? इंग्रजी ठेवावीत, मराठी शोधावीत का कन्नड? एक कमिटी करून मतदान घ्यावं म्हणतोय."

मतदान घेऊ नका. हे आधी सांगतो, कारण सीमाभागात कुठल्याही गोष्टीचं नाव मतदानाला टाकलं की तासाभरात मूळ विषय मागे पडतो आणि कुणाचे किती हात वर झाले याची मोजणी सुरू होते. १९५६ पासून पाटीवरच्या अक्षरांवरून आपल्याकडे आवाज चढत आलेत. ते रविवारच्या खेळात ओढून आणायचं काही कारण नाही. शिवाय मतदानानं ठरलेलं नाव भिंतीवर राहतं, तोंडात येत नाही. बेळगावच्या टिळकवाडीतल्या रेल्वे फाटकांना कुणी बैठक घेऊन नावं दिली नाहीत. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट असं लोक म्हणत गेले. आज रिक्षावाल्याला 'दुसऱ्या गेटला सोड' म्हटलं की पुरतं, मग तो घरी कुठलीही भाषा बोलो.

त्या दुसऱ्या गेटच्या बाजूलाच एका गाळ्यात आमचं प्लेस्टेशनचं पार्लर होतं. चार टीव्ही, टेक्कन ५ हा फायटिंग गेम, तासाला २० रुपये. पार्लर बंद झालं तरी खेळ सुटला नाही. नंतर स्पर्धांची कॉमेंट्री करायला लागलो, मराठी-कन्नड मिसळून, आणि आता पोरांना शिकवतो. या सगळ्या वर्षांत शंभरेक नावं जन्मताना आणि त्यातली बहुतेक मरताना बघितली. त्यावरून एक गोष्ट पक्की झाली आहे. ज्याला चाल येते त्याला नावाची गरजच नसते, त्याचा अंगठा जाणतो. नाव लागतं ते ज्याला ती अजून येत नाही त्याला. म्हणून नाव निवडताना आज गटात असलेल्या चाळीस जणांचा विचार करू नका, सहा महिन्यांनी संकेश्वरहून पहिल्यांदा येणाऱ्या पोराचा करा. त्याला नाव ऐकल्यावर काहीतरी दिसायला हवं, आणि ते एकदा ऐकून म्हणता यायला हवं.

कुस्तीवाल्यांनी हे आपल्या आधी सोडवून ठेवलंय. आनंदवाडीच्या आखाड्यात लहानपणी वडिलांबरोबर बसायचो, तेव्हा शेजारचा म्हातारा डाव ओरडायचा आणि मला डावाचं काही कळत नसतानाही चित्र कळायचं. धोबीपछाड म्हटलं की धोबी खांद्यावरून कपडा कसा दगडावर आपटतो ते डोळ्यासमोर येतं, आणि डाव नेमका तोच आहे. मोळी म्हणजे लाकडांची मोळी बांधतात तसा गडी मान-पायात आवळून बांधायचा. एकेरी पट आणि दुहेरी पट यांत एक पाय का दोन हे नावातच आहे. वस्तादाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही, नावच अर्धं शिकवून जातं.

आता गेमच्या जगात काय झालं ते बघा. सुपर स्मॅश ब्रदर्सच्या पहिल्या गेममध्ये हवेतला हल्ला करून जमिनीवर उतरताना झेड बटण वेळेवर दाबलं की उतरण्यात जाणारा वेळ वाचायचा. खेळाडूंनी नाव दिलं 'झेड-कॅन्सल'. मग २००१ ला 'मेली' हा त्याच मालिकेतला दुसरा गेम आला, तिथे हीच चाल एल बटणाची म्हणून 'एल-कॅन्सल' झाली. गंमत म्हणजे मेलीत ती आर आणि झेड दाबूनही होते. म्हणजे एकाच कल्पनेला दोन नावं, आणि दुसरं नाव पुरतं खरंही नाही. नवीन माणूस वर्षभर एलच दाबत राहतो, कारण नावानं त्याला तेच सांगितलेलं असतं. तुमच्यातले काही जण कंट्रोलरवर खेळतात, काही कीबोर्डवर, एक-दोघांकडे आर्केड स्टिक आहे. बटणाचं नाव चालीला चिकटवलंत तर पहिल्याच दिवशी तिघांना ते खोटं पडेल.

तशीच गोष्ट 'वेव्हडॅश'ची. मेलीत वेव्हडॅश म्हणजे हवेत चुकवायची हालचाल तिरकी जमिनीत घुसवून घसरत जाणं. टेक्कनमध्ये वेव्हडॅश म्हणजे मिशिमा घराण्याच्या पात्रांनी वाकून पुढे घुसणं आणि ते पुन:पुन्हा तोडून लाटेसारखं पुढे जाणं. शब्द एक, हात दोन. आमच्याकडे मेली खेळून आलेला हुबळीचा एक मुलगा होता. पार्लरमधली पोरं त्याला 'वेव्हडॅश मार की' म्हणायची आणि तो बटणं शोधत बसायचा. दोन दिवस कुणाला कळलंच नाही की तो वेगळं काहीतरी करू बघतोय. म्हणून बाहेरचा शब्द आणताना तो कुठल्या गेममधून येतोय आणि तिथे त्याचा अर्थ काय आहे हे एकदा तपासा. चाल तीच असेल तरच शब्द घ्या.

माणसाचं नाव चालीला देऊ नका. तुमच्या गटात ही मागणी येणारच, कारण ज्यानं चाल शोधली त्याला श्रेय हवं असतं, आणि ते द्यायलाही हवं. आम्ही एकदा दिलं होतं. भिंतीला टेकलेल्या गड्यावर मार वाढवायची एक युक्ती शहापूरच्या एका पोरानं काढली, आम्ही तिला त्याचंच नाव दिलं. महिन्याभरात वडगावचा दुसरा म्हणाला, हे मी दिवाळीतच करत होतो. दोघांची भांडणं, दोघांच्या दोस्तांचीही. पुढे पहिला नोकरीला पुण्याला गेला आणि नव्या पोरांना ते नाव म्हणजे निव्वळ आवाज उरला. श्रेय वहीत लिहा, तारखेसकट लिहा, पण हाका मारायच्या शब्दात ते घालू नका. आणि एखादी चाल लोकांना रडीचा डाव वाटत असेल तर तिला तर कुणाचं नाव अजिबात देऊ नका. क्रिकेटमध्ये विनू मंकड यांचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. १९४७ ला ऑस्ट्रेलियात त्यांनी नॉन-स्ट्रायकरला नियमात राहूनच धावबाद केलं, आणि इतका मोठा अष्टपैलू खेळाडू पुढची सत्तर वर्षं 'मंकडिंग' या एका शब्दापुरता उरला. सुनील गावसकरांनी या शब्दाला उघड विरोध केला तो याचसाठी. २०२२ ला नियमाची जागा बदलून असं बाद करणं सरळ धावबादमध्ये गेलं, तरी तोंडातला शब्द अजून जात नाही.

आता भाषेचा मुद्दा. यावर जास्त बोलणार आहे, कारण पुण्या-मुंबईच्या गटांना ही अडचण नाही आणि आपल्याला आहे.

बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम जुलै २०२१ ला आला तेव्हा मी एका चौघांच्या टीमला शिकवत होतो. गोकाकचा एक, खानापूरचे दोन, अनगोळचा एक. सरावाच्या सामन्यात शेवटचा झोन, म्हणजे खेळायची जागा आक्रसून उरलेला शेवटचा तुकडा, घराच्या आडोशाला खानापूरचा मुलगा एकटा. गोकाकचा हेडफोनमधून ओरडतोय, "येडक्क बा! येडक्क!" कन्नडमध्ये 'येड' म्हणजे डावी बाजू, तो सांगतोय की डावीकडे ये. खानापूरच्याच्या कानाला ते 'येडं' लागलं. त्यानं वळून बघायच्या ऐवजी विचारलं, "येडं कुणाला म्हणालास?" तेवढ्यात तो गोळी लागून नॉक झाला. सामना गेलाच, पण दोघं दोन दिवस बोलत नव्हते, आणि खरं तर चूक कुणाचीच नव्हती. त्या दिवशी घरी जाऊन मी एक वही घेतली आणि दोन्ही भाषांत सारखे ऐकू येणारे पण अर्थानं वेगळे असलेले शब्द लिहायला बसलो. 'होडी' कन्नडमध्ये 'मार', आपल्याकडे पाण्यातली नाव. 'केळ' म्हणजे 'ऐक', आपल्याकडे फळ. 'बल' म्हणजे उजवी बाजू, आपल्याकडे जोर. दिशांसाठी आम्ही शेवटी डावं-उजवं सोडूनच दिलं. स्क्रीनच्या वर होकायंत्राची पट्टी असते, त्यावरचा आकडा इंग्रजीत सांगायचा, 'वन ट्वेंटी', 'टू टेन'. आकडा तिन्ही घरांत एकच असतो.

तर कुठलंही नाव पक्कं करायच्या आधी ते दुसऱ्या भाषेच्या माणसाला ऐकवा. लिहून दाखवू नका, दहा फुटांवरून ओरडा आणि विचारा, काय ऐकू आलं? जे ऐकू येईल तेच तुमच्या नावाचं खरं रूप.

ही परीक्षा नुसती अडवत नाही, कधी कधी देऊनही जाते. तुमच्या दुसऱ्या चालीचंच उदाहरण घ्या, हवेतून येऊन न मारता धरायची. खो-खो, कबड्डीत आपण याला हूल देणं म्हणतो. टेक्कनच्या दिवसांत पार्लरमध्ये मी तोच शब्द वापरायचो, 'हूल दे, मग धर'. कन्नड पोरांच्या कानाला तो 'हुली' लागला. हुली म्हणजे वाघ. त्यांना वाटलं चालीचं नावच वाघ आहे, झेप घेऊन येतो म्हणून. कुणी ती चाल टाकली की ती ओरडायची, "हुली बंतु, हुली!" वाघ आला रे. मी दुरुस्त करायला गेलो तर बैलहोंगलच्या एकानं मला उलटं समजावलं. आपल्याकडे शाळेत गोष्ट असते ना, लांडगा आला रे आला, खोटी आरोळी मारणाऱ्या पोराची? कन्नडमध्ये त्या गोष्टीत लांडगा नसून वाघच आहे, आणि आरोळी अगदी हीच, 'हुली बंतु, हुली'. म्हणजे खोटी धमकी! मराठी हूल आणि कन्नड हुली, दोन वेगळ्या वाटांनी येऊन एकाच अर्थावर उतरले. मला हे ठरवून शंभर वर्षांत जमलं नसतं. तुम्ही ही चाल 'हूल' म्हणा, 'हुली' म्हणा, दोन्ही चालू द्या. दोन्ही म्हणणाऱ्यांना एकमेकांचं कळतं, बास.

तिसऱ्या चालीला जगभर 'ओकी' म्हणतात. जपानी शब्द ओकिझेमे, त्याचं तोंडातलं आखूड रूप. ओकिरु म्हणजे उठणं आणि सेमेरु म्हणजे हल्ला करणं, त्यातून झालेला. अर्थ नेमका आहे, शब्द छोटा आहे, पण मराठी कानाला तो ओकण्याकडे जातो. कॉमेंट्री करताना मी एकदा 'काय सुंदर ओकी!' म्हणालो आणि मागच्या रांगेतल्या पोरांचं हसणं दोन मिनिटं थांबलं नाही, दोन्ही खेळाडूंचं लक्ष उडालं. त्यानंतर मी तो शब्द माइकवर घेतला नाही. आमच्याकडे त्याला 'येळ' पडलं. 'येळ धर', 'येळ साधली'. आपल्या बोलीत वेळेला येळ म्हणतातच. कन्नडमध्ये 'एळ', उच्चारात येळच, म्हणजे 'ऊठ'. समोरचा उठायची येळ! हेही कुणी बसून काढलं नाही. एका रात्री कुणीतरी म्हणालं, दुसऱ्याला वेगळा अर्थ लागला आणि दोघांनाही बरोबर वाटलं.

पहिल्या चालीला टेक्कनवाले 'कोरियन बॅकडॅश' म्हणतात, कारण कोरियाच्या खेळाडूंनी ती पक्की केली आणि गाजवली. नाव आदरानं दिलेलं आहे, पण म्हणायला जवळपास सेकंद लागतो. गेमचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं, त्यातलं एक चित्र म्हणजे एक फ्रेम. टेक्कनमधला साधा जॅब, म्हणजे झटकन मारलेला सरळ ठोसा, १० फ्रेममध्ये लागतो. मी 'कोरियन बॅकडॅश' म्हणून संपवेपर्यंत जॅब लागून पुढचा कॉम्बोही (सलग बसणारे मार) निम्मा झालेला असतो. कोपऱ्यातून शिकवणाऱ्यालाही आणि कॉमेंट्री करणाऱ्यालाही दोन-तीन अक्षरांच्या पलीकडे परवडत नाही. आम्ही 'सरक' म्हणायचो. 'सरक, सरक, आता मार.' कन्नडमध्ये 'सरि' म्हणजेही बाजूला हो, तेव्हा तिकडेही अर्थ अडत नाही. फक्त त्याचं 'सरकी' करू नका. एकानं केलं होतं, आणि ज्यांच्या घरी म्हशी आहेत त्या पोरांना सरकी-पेंडच आठवायची.

नाव तोंडात बसलं का नाही हे ओळखायची माझी खूण क्रियापदाची आहे. मराठीत शब्द घेतला की त्याला मारणे, देणे, काढणे, खाणे, बसणे यांतलं काहीतरी लागतं. कॉम्बो काढतात, थ्रो खातात, आडोशातून पीक देतात, रश मारतात, लाथ बसते. ज्या नावाला पोरं आपोआप क्रियापद लावतात ते जगतं. ज्याच्या पुढे 'ते जे आहे ना, ते केलं' असं म्हणावं लागतं ते मेलं समजा. कन्नडमध्ये 'होडी' हेच काम करतं. आपण कॉपी मारतो, लाइन मारतो, ते 'कॉपी होडी', 'लाइन होडी' म्हणतात. म्हणून ज्याच्या मागे 'मार' आणि 'होडी' दोन्ही चिकटतात ते नाव आपल्या भागात बिनधास्त घ्या.

आधीच चालू असलेले शब्द मात्र हलवू नका. कॉम्बो, ब्लॉक, ग्रॅब, राउंड हे आता आपलेच झालेत. 'कॉम्बो'ची कथा तर ऐकण्यासारखी आहे. १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मध्ये एकामागून एक न तुटणारे मार बसावेत असं बनवणाऱ्यांनी ठरवलेलंच नव्हतं. गाडी फोडायच्या बोनस फेरीची तपासणी करताना निर्माते नोरिताका फुनामिझु यांच्या लक्षात आलं की मध्ये जादा मार घुसवता येतोय, आणि त्यांनी ते तसंच ठेवलं. आज त्याच्याशिवाय फायटिंग गेम कुणी विकत घेणार नाही. अशा शब्दाला 'संयुक्त प्रहार' वगैरे करायला जाऊ नका. मराठीवर माझं प्रेम कमी नाही, पण जो शब्द निपाणीच्या पोराच्या तोंडात आधीच मराठी होऊन बसलाय त्याला हाकलून आपण काय मिळवणार?

आपल्या भाषेतला शब्द जगात चालणार नाही ही भीतीही सोडा. 'कारा-कॅन्सल' (एक मार सुरू होताच तो तोडून दुसरा काढणं) हा शब्द जगभरचे खेळाडू वापरतात, त्यातला 'कारा' म्हणजे जपानीत रिकामं, कराटेतला 'करा' तोच. त्यांनी घरातला साधा शब्द वापरला, जगानं घेतला. आणि 'दूसरा'? सकलेन मुश्ताक चेंडू टाकताना यष्टीमागून मोईन खान 'दूसरा' टाक म्हणून ओरडायचा, ते स्टंपच्या माइकमधून बाहेर गेलं आणि आज इंग्लंडचा समालोचकही तोच शब्द म्हणतो. तो शब्द सामन्याच्या मध्ये, चेंडू टाकायच्या आधी, एका माणसानं दुसऱ्याला दिलेली खूण होता.

आपल्या घरातलं उदाहरण याहून जवळचं आहे. विटी-दांडू खेळताना आपण वकट, लेंड, मूंड, नाल असं मोजायचो. प्रत्येक मोजणीला विटी वेगळ्या जागी ठेवून मारायची, कुठे पायावर, कुठे मुठीवर, कुठे डोळ्यावर, गावागावांत क्रम वेगळा. लहानपणी मला वाटायचं हे खेळातले उगाचचे शब्द. पार्लरमध्ये एकदा हैदराबादहून आलेला मुलगा बसला होता, त्याच्या तोंडून तेलुगू आकडे ऐकले : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. मी खुर्चीतून उठलोच. मराठी मुलुखातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या भाषेतले आकडे चालींची नावं म्हणून ओरडत आली आणि कुणाला ते परके वाटले नाहीत. शब्द सीमेपलीकडून आला म्हणून आजोबांच्या काळात कुणी विटी खाली ठेवली नाही.

एका बाबतीत मात्र मऊपणा नको. नाव कुणाच्या जातीवरून, धर्मावरून, अंगातल्या व्यंगावरून, बाईपणावरून येत असेल तर ते पहिल्याच दिवशी थांबवा. पहिल्याच दिवशी, कारण महिन्यानंतर ते निघत नाही. एका गटात भित्र्या खेळाला बांगड्यांवरून नाव पडलं होतं. मी हसण्यावारी नेलं. तिथे एक मुलगी खेळायची, पंधरा-सोळाची, पहिल्या चार खेळाडूंत होती. तिनं कधी तक्रार केली नाही, फक्त तीन रविवारांनी यायची बंद झाली. चौकशी केली तेव्हा तिच्या भावानं सांगितलं, "सगळे तेच ओरडतात, आई बाहेर बसलेली असते." ते नाव मी त्याच दिवशी बंद केलं, ती परत आली नाही. तुमच्यात मुली आहेत असं तुम्ही लिहिलंय. प्रत्येक नाव त्यांना त्यांच्या आईसमोर मोठ्यानं ओरडता येईल का, एवढं विचारून बघा.

कामाचा भाग आता. दोन रविवार काहीच ठरवू नका, फक्त एकाला वही देऊन बसवा. खेळणारे आणि बघणारे त्या तीन चालींना काय काय म्हणतात ते त्यानं जसंच्या तसं लिहायचं, 'ते मागे मागे करतो ते' असलं तरी. त्यातूनच नाव येतं. आमचा 'करंट' असाच आला. टेक्कनमध्ये कझुया आणि हेइहाची यांचा एक ठोसा आहे, पुढे, मग दांडी मोकळी, मग खाली, मग खाली-पुढे आणि त्याच फ्रेमला उजवा ठोसा. एका फ्रेमनं चुकलं तर साधा ठोसा, बरोबर बसला तर निळ्या ठिणग्या उडतात. जगात त्याला 'इलेक्ट्रिक' म्हणतात. आमच्याकडे ठिणग्या दिसल्या की कुणीतरी म्हणायचं, "करंट बसला." वीज गेली की मराठी काय, कन्नड काय, घरात आपण सगळे 'करंट गेला'च म्हणतो. शिकणाऱ्याला त्यातून हेही कळायचं की ठिणगी दिसली तरच बरोबर झालं. साधा ठोसा आला की पोरं स्वत:च म्हणायची, "करंट नाही आला."

दोन रविवारांनी एका कागदावर चार रकाने आखा. पहिल्यात तोंडातलं नाव, दुसऱ्यात जगातलं नाव, तिसऱ्यात बटणांचा क्रम, चौथ्यात ही चाल कशानं तुटते. दुसरा रकाना गाळू नका. तुमचा एखादा खेळाडू बेंगळुरूला किंवा पुण्याला स्पर्धेला गेला, किंवा एखादा परदेशी व्हिडिओ बघायला बसला, तर त्याला 'सरक' म्हणजेच कोरियन बॅकडॅश हे माहीत असायलाच हवं, नाहीतर आपला शब्द त्याला गावातच बांधून ठेवेल. तिसऱ्या रकान्यात एक घोटाळा सांभाळा. बरेच गेम दिशांसाठी कीबोर्डच्या नंबरपॅडचे आकडे वापरतात : ५ मध्ये, ६ पुढे, ४ मागे, २ खाली, १ खाली-मागे. तुमची पहिली चाल मग साधारण ४४, १, ४ अशी लिहिता येईल. पण टेक्कनवाले १, २, ३, ४ हे आकडे हातापायांसाठी वापरतात : डावा ठोसा, उजवा ठोसा, डावी लाथ, उजवी लाथ. दोन्ही पद्धती एका कागदावर आल्या तर 'एक' म्हणजे कोपऱ्यात वाकायचं का ठोसा मारायचा हे कुणालाच कळणार नाही. एकच घ्या आणि कागदाच्या वरच लिहून ठेवा.

कागद दोन्ही लिपींत लिहा, देवनागरी आणि कन्नड, शेजारी शेजारी, सारख्या आकारात. कन्नडचा भाग कन्नड शाळेत शिकलेल्याकडूनच लिहून घ्या, आणि त्यानं 'हूल'च्या जागी 'हुली' लिहिलं तर खोडू नका.

मी पुढच्या महिन्यात निपाणीला भाचीच्या साखरपुड्याला येणार आहे, त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार आहे. वही घेऊन बसणारा कोण ठरला ते कळवा, मी त्याच्या शेजारी बसतो.